राघोशेटची लोखंडी दारं

राघोशेट पांचाळांबद्दल आमच्या तालुक्यात दोन मतं आहेत. एक, हा माणूस आमदार व्हायलाच नको होता. दुसरं, असा आमदार पुन्हा झाला नाही. दोन्ही मतं माझीच आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणतं वर येईल हे मला सांगता येत नाही.

परवा ते गेल्याची बातमी आली. पक्षाच्या साप्ताहिकाने माझ्याकडे चार ओळी मागितल्या. 'थोर', 'झुंजार' आणि 'लोकनेते' हे शब्द त्यांनी आधीच जुळवून ठेवले होते. मी फक्त मधली जागा भरायची होती. मी नकार दिला. पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार झाला आहे, त्या शब्दांचा भाव मला ठाऊक आहे. शिवाय राघोशेटशी माझं भांडण मिटलेलं नाही. भांडण चालू असलेल्या माणसावर मृत्युलेख कसा लिहायचा?

आगरदांड्याच्या धक्क्यावर खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, नारळीच्या पलीकडे, एक काळपट पत्र्याचं छप्पर दिसायचं. तो राघोशेटचा कारखाना. मचव्यांचे नांगर, सुकाणूच्या बिजागऱ्या, हातभर लांबीचे खिळे, विहिरीचे रहाट असं सगळं तिथे व्हायचं. मुंबईच्या गोदीत जुनी जहाजं तोडत. त्यांचे पत्रे आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे परतीच्या मालवाहू पडावातून इथे येत आणि राघोशेटच्या भट्टीत जात. त्यांचे वडील गावचे लोहार, झाडाखाली भाता चालवणारे. राघोशेट पोरवयात मुंबईला पळाले, एका ओतकामाच्या कारखान्यात वाढले आणि डोक्यात भट्टी घेऊन परत आले. मुरूडपासून काशीदपर्यंत एकही होडी अशी नव्हती की जिच्यात त्यांचं लोखंड नाही. ते गर्वाने सांगत, "समिंदर सगल्यांचा असंल. पन त्याच्यात बुडतं ते लोखंड माजं."

माणूस बुटका, रुंद, मानेला जवळजवळ जागाच नसलेला. खादीचा सदरा घालत, पण त्या सदऱ्याला ठिणग्यांची इतकी भोकं की आत कोणत्या रंगाची बंडी आहे हे सभेतल्या शेवटच्या माणसालाही कळे. त्यांना बसता येत नसे. जेवण उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, दाढीसुद्धा कारखान्याच्या दारात फेऱ्या घालत. न्हावी वस्तरा घेऊन मागे मागे. "बसला तो गंजला" हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. कामगाराला, मुलाला, जावयाला, एकदा तर मामलेदारालाही त्यांनी ते ऐकवलं होतं. त्यांच्या पत्नी, बायजावयनी, म्हणायच्या, "ह्यांचं लगीन लावताना भटजीनं मंगलाष्टकं धावत धावत म्हटली."

आणखी एक खोड. लोखंड दिसलं की ते त्याच्यावर बोटाचं पेर आपटून कान लावत. दिव्याचा खांब, एस.टी.चा दांडा, पाहुण्याची ट्रंक. आवाज पसंत पडला नाही तर तोंड कडू करून म्हणत, "पोकल हाय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ह्याच खोडीपायी. आमच्याकडे संस्थान होतं, त्यामुळे तिरंगा उशिराच आला. आला तेव्हा आम्ही पोरांनी मुरूडच्या मैदानात मोठी सभा लावली. अलिबागहून पक्षाचे चिटणीस आले होते. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. गोरा, सडपातळ, शब्द तोलून बोलणारा माणूस. त्यांचं भाषण रंगात आलं असताना गर्दीतून एक आवाज उठला, "थांबा हो जरा!"

वकीलसाहेब थांबले. ठिणग्यांनी भोकं पडलेला एक सदरा मंचावर चढला, झेंड्याच्या खांबापाशी गेला, पेर आपटलं, कान लावला आणि मागे वळून सभेला म्हणाला, "खांब वाकडा हाय. कुनाला दिसत न्हाय का?"

"शेट, भाषण चालू आहे," मी खालून म्हटलं.

"भाषन उद्या पन व्हईल. झेंडा आज वाकडा लागलाय."

मग खिशातून हातोडी काढून त्यांनी खांबाची पाचर ठोकली, लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा येऊन ठोकली. सभा गप्प बसून हे पाहत होती. काम झाल्यावर ते वकीलसाहेबांना म्हणाले, "आता बोला. आता सरल बोललंत तरी चालंल." मैदान असं हसलं की वकीलसाहेबांचं स्वातंत्र्यावरचं उरलेलं भाषण कुणाच्या कानात शिरलं नाही.

वकीलसाहेब मात्र हुशार. त्यांनी त्या हशाची किंमत तिथेच ओळखली. निवडणुका आल्या तेव्हा ते स्वतः आगरदांड्याला आले, सोबत मी. राघोशेट ऐरणीवर होते. अर्धं बोलणं घावांच्या मधल्या फटीतून झालं.

"तुम्ही उभं राहावं अशी पक्षाची इच्छा आहे."

"उभा तर मी हायेच." ठण्. "तिथं मुंबईला किती बसायला लागतं?"

"अधिवेशन असेल तेव्हा."

"बायजा, ऐकलंस का? मला बसवायला मानसं आलीत."

आतून वयनी म्हणाल्या, "जा की. इथं कोन तुमाला धरून ठेवतंय? धरलं तर हात भाजतोय."

ते निवडून आले. मी त्यांचा लिहिणारा झालो, म्हणजे अर्ज, प्रश्न, पत्रकं. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय पत्रकवाले!" एवढंच. माझ्या मजकुरातली विशेषणं त्यांना सोसत नसत. मी वाचून दाखवायचो, "रक्तपिपासू नोकरशाहीच्या जुलमी टाचेखाली...", की ते हात वर करत. "टाच कुनाची? नाव सांगा. नाव ठाव नसंल तर टाच काढा." मला राग येई. मी लहानपणापासून पत्रकांवर वाढलेला. माझ्या वडिलांच्या पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. मला वाटे, ह्या माणसाला लोखंड कळतं, लोक कळत नाहीत.

विधानसभेत ते बसत नसत. भिंतीला टेकून उभे राहत. अध्यक्ष म्हणत, "सन्माननीय सदस्यांनी आसनस्थ व्हावं." एकदा राघोशेट वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आसनस्थ म्हंजे बसाच ना? मग बसा म्हना की!" पहिल्याच दिवशी जिन्याच्या कठड्यावर पेर आपटून त्यांनी मला सांगितलं होतं, "इलायती बीड हाय. आपलं सरकार कशाला टेकून उभं हाय ते बघून ठेवा." पण कामाला उभे राहिले की अधिकारी घाबरत. उत्तर मिळेपर्यंत हा माणूस खोलीत फेऱ्या घालायचा, आणि फेऱ्या घालणाऱ्या माणसासमोर कुणाला दुसरं काम सुचत नाही. धक्क्याची पायरी, दवाखान्याची इमारत, सगळं त्यांनी असं चालून चालून आणलं.

लोखंडी दारंही तशीच आणली.

आमच्याकडे खाडीच्या काठाने भातशेती आहे ती समुद्राकडून हिसकावून घेतलेली. मातीचा लांब बांध खारं पाणी बाहेर थोपवतो. पावसाचं गोडं पाणी बाहेर जायला बांधात ठिकठिकाणी दगडी मोऱ्या असतात. त्यांना उघाडी म्हणतात. उघाडीला खाडीच्या अंगाने एक दार टांगलेलं असतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं, भरती आली की तेच पाणी त्याला दाबून बंद करतं. कुणी उघडायचं नाही, कुणी लावायचं नाही. हे दार लाकडी असे, दर दोन-तीन पावसाळ्यांनी कुजे, आणि कुजलं की गावाचा जीव टांगणीला लागे.

खारशेतच्या तान्हीबायने राघोशेटना भर सभेत विचारलं होतं, "होड्यांना लोखंड देतास, मुंबयला सरकारच्या दारात उभा ऱ्हातास, मंग आमच्या उघाडीला दार लाकडाचं का रं?" तान्हीबाय विधवा, बांधाला लागून तिचं शेत, आणि जीभ अशी की गावचा पाटील तिच्या वाटेने जात नसे. सभेने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गावांनीही तेच धरलं. लाकूड म्हणजे गरिबाचं, लोखंड म्हणजे नव्या राज्याचं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. मी पत्रक काढलं.

सरकारी इंजिनिअर तयार नव्हता. खाऱ्या पाण्यात लोखंड नको, असा त्याचा शेरा होता. राघोशेट त्याच्या टेबलासमोर फेऱ्या घालत म्हणाले, "साहेब, हा पत्रा जहाजाचा हाय. सात समिंदर फिरून आलाय. त्याला खारं पानी काय शिकवनार?" बिनतोड वाटावं असंच ते होतं. इंजिनिअरने अखेर सही केली. दारं राघोशेटनीच केली, आणि कोळशाच्या किमतीपलीकडे काही घेतलं नाही, कारण आमदाराने सरकारी कामात नफा खाऊ नये हे त्यांचं मत माझ्याहून कडक होतं. एकेक दार बसवताना गावाने हार घातले, नारळ फोडला. तान्हीबायने दाराला हळदकुंकू लावलं. राघोशेटनी पेर आपटलं, कान लावला आणि खूश होऊन म्हणाले, "भरीव."

जहाजाचा पत्रा समुद्रात टिकतो कारण जहाजाला दर वर्षी खरवडून रंग देतात, आणि पत्रा काही बिजागरीवर हलत नाही. उघाडीचं दार उन्हाळाभर बंद, अर्धं चिखलात, अर्धं वाऱ्यात. बिजागरीत मीठ बसलं, वर कालवं चढली. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी जोराच्या पावसाने आतून रेटून खारशेतचं दार उघडलं, आणि ते उघडं ते उघडंच राहिलं. परत फिरलं नाही. श्रावणातल्या अवसेचं उधाण भर दुपारी आलं ते थेट आत शिरलं. उघाडीच्या बाजूचा बांध त्याने ओढून नेला आणि त्याच बांधाआडच्या तीन गावांचं नुकतं पोसायला लागलेलं भात छातीभर खाऱ्या पाण्याखाली गेलं.

राघोशेट आणि मी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. गाव बांधावर उभं होतं. आगरी, कोळी, खालच्या आळीतले, सगळे हातात घमेली आणि फावडी घेऊन, पण कुणी काम सुरू केलं नव्हतं. मला ते विचित्र वाटलं. पुढची भरती यायच्या आत बांधाला पडलेली खांड बुजायला हवी होती.

राघोशेटना कारण ठाऊक होतं. ह्या काठाच्या गावांची एक रीत आहे. बांध कुणाच्या हयगयीने फुटला, मग ती गुरं चारण्याने असो की खेकड्यासाठी बीळ उकरण्याने, तर त्या माणसाने खाली उतरून चिखलाचा पहिला गोळा स्वतःच्या हाताने ठेवायचा. त्यानंतर गाव काम करतं. आणि त्यानंतर त्या गोष्टीबद्दल त्या माणसाला कुणी, कधी, एक शब्द बोलायचा नाही. भांडणातसुद्धा नाही. बोलायचं ते गोळा पडायच्या आधी.

तान्हीबाय आधीच बोलून घ्यायला उभी होती.

"ये शेट. बसला तो गंजला म्हनत व्हतास ना? तुजी दारां बसली बघ."

"बोल," राघोशेट म्हणाले.

"माजं भात तुज्या लोखंडानं खाल्लं. कुजलेल्या लाकडानं सुद्दा मला असं कदी फशिवलं न्हाय."

"आनखी बोल."

"आनखी काय बोलू? पोटाला काय घालू ते तू बोल!"

तेवढ्यात वकीलसाहेब मोटारीतून आले. त्यांनी राघोशेटचा दंड धरून बाजूला नेलं. मी जवळच होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "खाली उतरू नका. हे गाव आहे, पण तुम्ही गावकरी म्हणून आलेले नाही. मंजुरी सरकारची आहे, सही इंजिनिअरची आहे. तुम्ही गोळा ठेवलात की दोष तुमचा झाला. मग सरकार एक छदाम देणार नाही."

"दोष माजाच हाय."

"असेल. सत्य जरूर बोला, राघोशेट, पण क्रमाने बोला. आधी भरपाई, मग सत्य."

राघोशेटनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग धोतर खोचून ते बांधावरून घसरत खाली गेले, मांडीएवढ्या चिखलात रुतले, दोन्ही हातांनी गोळा उचलून त्यांनी खांडीत ठेवला. लगेच वरून घमेली सुरू झाली. तान्हीबाय पदर बांधून त्यांच्याच शेजारी उतरली, आणि तिने त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "शेट, जरा सरकून उभा ऱ्हा, पाय ठेवू दे." आवाजात काही नव्हतं. रागही नाही.

मला ते भव्य वाटलं आणि त्याच वेळी अडचणीचंही. कारण माझ्या पिशवीत पत्रकाचा मसुदा तयार होता: 'खारशेत कोणी बुडवलं?' उत्तरात सरकारचं नाव होतं. आणि ते उत्तर खोटं नव्हतं. सही त्यांचीच होती. देखरेख त्यांची होती. दाराला रंग द्यायला माणूस त्यांनी नेमला नव्हता.

संध्याकाळी मी ते राघोशेटना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हेच नवल.

"छापू नका," ते म्हणाले.

"ह्यात खोटं काय आहे?"

"सही त्याची हाय, खरं. पन ती मी त्याच्या छातीवर बसून घेतली. तो नको म्हनत व्हता."

अधिवेशनात भरपाईचा विषय आला. तीन गावांचं पीक आणि पुढची दोन-तीन वर्षं, कारण एकदा मीठ मुरलं की जमीन लगेच भात देत नाही. वकीलसाहेबांनी भाषण लिहून दिलं होतं. राघोशेट उभे राहिले, म्हणजे होतेच, भिंतीपासून पुढे आले. भाषण खिशातच राहिलं. ते म्हणाले, "दारं माजी हायेत. चूक माजी हाय. इंजिनिअर साहेबानं नको म्हटलेलं, मी ऐकलं न्हाय. अशी दारं आनखी चार गावांत हायेत, ती आजपासनं काढायला घ्या. आनि लोकान्ला धान्य द्या, त्यांची कायच चूक न्हाय."

मंत्री उठले. आवाज अगदी गोड होता. सन्माननीय सदस्यांच्या प्रामाणिकपणाचं शासन कौतुक करतं. परंतु त्यांनी स्वतःच जबाबदारी मान्य केल्यावर शासनाने भरपाई कशाची द्यायची, हे मंत्र्यांना समजत नव्हतं. सभागृहात हशा झाला. शेवटी थोडं धान्य मिळालं, दयेचं म्हणून. भरपाई मिळाली नाही.

परतीच्या लाँचवर मी त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात इतका मी कुणाशी भांडलो नाही.

"तुमच्या एका वाक्याने तीन गावं उपाशी बसली. तुम्हाला हलकं वाटलं असेल. तान्हीबायचं काय?"

ते दोराच्या वेटोळ्याजवळ उभे होते. वेटोळं पायाने सरळ केलं. मग म्हणाले, "चूक सरकारची ठरली असती तर बाकीची दारं कुनी काढायची?"

"सरकारने."

"कदी?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

"बाकीच्या चार गावांत ती टांगलेली हायेत, पत्रकवाले. म्होरल्या उधानाला. सरकार चौकशी लावनार, चौकशी चहा पिनार, आनि दार उघडंच ऱ्हानार. माजी चूक म्हटल्यावर आता मला कोन अडवतंय? उद्या जातो, काढतो."

"ती तुम्ही गुपचूप काढली असतीत. भरपाईही मिळाली असती."

"गुपचूप काढली तर दोन वर्सांनी दुसरा कुनी शाना पुन्ना लोखंडाचीच बसवील. लोकान्ला तीच पायजे व्हती. तुमालाबी."

उत्तरं मला नंतर बरीच सुचली. आजही सुचतात. भूक हीसुद्धा गोष्ट आहे, आणि ती प्रामाणिक माणसाच्या सोयीने थांबत नाही. गावाची रीत गावापुरती. सरकार नावाच्या यंत्राशी बोलताना तिचा उपयोग नाही, उलट ते यंत्र तिचाच फास करतं. हे सगळं मी त्यांना सांगायचं ठरवलं होतं. पण ते सापडतच नसत. आज ह्या उघाडीवर, उद्या त्या. कारखान्यातली माणसं सोबत, दोर, कप्पी, आणि सुतार. भट्टी थंड पडायला लागली. काढलेली दारं त्यांनी कारखान्याच्या अंगणात, रस्त्याकडे तोंड करून उभी केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. मी वयनींना विचारलं, ही भंगारात का घालत नाहीत? वयनी म्हणाल्या, "मी पन तेच म्हटलं. तर म्हनतात, दिसू देत. ह्यांची वरात बघितली नसंल इतक्या मानसांनी ही दारं बघितली."

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट वकीलसाहेबांना दिलं. राघोशेट अपक्ष उभे राहिले. प्रचाराला गेले नाहीत, वेळ नव्हता. मी पक्षाचं काम केलं, तिथेच माझी जागा होती. राघोशेट पडले, आणि वाईट पडले. खारशेतमध्ये तर त्यांना जवळजवळ मतंच नव्हती. रीतीप्रमाणे गावाने त्यांना एक शब्द ऐकवला नव्हता. मत मात्र झाकून द्यायचं असतं.

वकीलसाहेबांची आभाराची सभा खारशेतच्या बांधावर ठेवली होती, म्हणजे गेल्या खेपेला जे झालं ते लोकांच्या डोळ्यांपुढे राहील. आम्ही पोचलो तर उघाडीत राघोशेट होते. पूर्ण ओहोटी होती. ते कमरेएवढ्या चिखलात उभे राहून नवं दार टांगत होते. ऐनाच्या लाकडाच्या फळ्या, डांबर लावलेल्या. खारशेतला काम चालावं म्हणून मध्यंतरी गावाने जुनंच काहीतरी अडकवलं होतं. पक्कं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं, आधी धोक्यातली चार गावं केली होती. सोबत एकच म्हातारा सुतार होता. कारखान्यातली माणसं केव्हाच दुसरीकडे पगाराला लागली होती.

सभा सुरू झाली. लोक बसले होते, पण डोळे उघाडीकडे. वकीलसाहेब चांगलं बोलत. सिंचन, रस्ते, वीज. मग ते म्हणाले, "मागच्या प्रतिनिधींच्या हयगयीमुळे ह्या गावावर जो प्रसंग..."

"ओ सायेब," तान्हीबाय बसल्या जागेवरून म्हणाली. "ते बोलायचं न्हाय."

वकीलसाहेब हसले. "बाई, मी तुमचीच बाजू मांडतोय."

"कुनाचीबी मांडा. ते बोलायचं न्हाय. गोला पडलाय."

"पण सत्य..."

"सत्य तवाच बोलून झालं. तुमी मोटारीपाशी उभे व्हतात."

कुणीतरी खुसखुसलं. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू पुढचं वाक्य माझ्या पिशवीत आहे. तेवढ्यात खालून राघोशेटची हाक आली. सभेला नव्हे, कुणालाच नव्हे. "पानी फिरलं रं! दोर धरा कुनीतरी!"

भरती लागली होती. दार अजून एकाच खुंटीवर लटकत होतं. पहिली तान्हीबाय उठली. मग तिच्या मागची रांग, मग सगळे. मला आठवतं, आभाराचे हार घेतलेला पोरगा हारांसकट खाली धावला. मंचावर वकीलसाहेब, मी आणि ध्वनिक्षेपक राहिलो. मग मीही गेलो. दोर हातात घेताना मी तान्हीबायला विचारलं, राहवलं नाही, "मत कुणाला दिलंस गं?"

"तेबी बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "ओढ."

खुंटी बसली. राघोशेट बाजूला झाले, पण वर आले नाहीत. पाणी वाढत त्यांच्या छातीपर्यंत आलं. खाडीचा पहिला खरा लोंढा दारावर टेकला, आणि ते दार आवाज न करता बसलं. आतल्या बाजूला थेंबही आला नाही. बांधावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पलीकडे शेतं मिठाने पांढरी पडलेली होती आणि अजून निदान एक पावसाळा तशीच राहणार होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

दोन माणसांनी हात देऊन त्यांना वर ओढलं. अंगाला चिखल, सदरा फाटलेला. तान्हीबायने तांब्या पुढे केला. "बस जरा, शेट. पानी पी."

ते उभ्यानेच प्यायले. तांब्या परत दिला, हत्यारं पोत्यात भरली आणि सुताराला म्हणाले, "चल, भरती हाय तवर होडी पलीकडं जाईल. दिघीच्या अंगाला एका उघाडीचं लाकूड कुजलंय म्हनतात." माझ्याजवळून जाताना थबकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मी माझी उत्तरं जुळवून तयार होतो.

"पत्रकवाले, त्या मंचाचा डावा खांब ढिला हाय," ते म्हणाले. "सायेबान्ला सांगा, टेकू नका."

आणि पोतं खांद्यावर टाकून ते बांधावरून निघाले, मागे न बघता, होडीवाल्याला लांबूनच शिव्या देत की थांब म्हणून. म्हातारा सुतार धापा टाकत त्यांच्या मागे धावत होता.